टेपची दुसरी बाजू

मुलगी पाच फूट एक इंच, हे आमच्या एरंडोलच्या घरात ठरून गेलेलं होतं. दाराच्या चौकटीला माझीच शिवणकामाची टेप लावून मोजलेलं. टेप साठ इंचांची, त्यावर एक इंच. पोलीस भरतीचा फॉर्म भरताना कुणी दुसरा विचारच केला नाही. प्रवेशपत्र आल्यावर तिने मोबाइलवर हिशोब केला आणि फोन माझ्यापुढे धरला. उंची लागते एकशे पंचावन्न सेंटिमीटर. पाच फूट एक म्हणजे एकशे चोपन्न पॉइंट नऊ चार.

मी टेप उलटी केली. ब्लाऊज शिवायला लागल्यापासून सेंटिमीटरच्या बाजूकडे मी कधी पाहिलं नव्हतं. तिथेही केसभर कमीच. केसभरासाठी कोण अडवतं, असं तिचे वडील म्हणाले. अडवतात, तिची मैत्रीण तशीच परत आली होती. दुसरीकडे मोजून बघायला मीच जाऊ दिलं नाही. तिथेही कमी भरली असती तर ती मैदानावर जायच्या आधीच खचली असती.

माणूस झोपून उठल्यावर थोडा उंच असतो, मग उभं राहून राहून दबतो, असं तिने वाचलं होतं. ठीक, मग मैदानापर्यंत उभं राहायचंच नाही. आदल्या दिवशी जळगावला, पिंप्राळ्यात माझ्या धाकट्या भावाकडे उतरलो. पहाटे त्याच्या लोडिंग रिक्षात गादी टाकून तिला आडवी केली.

भाऊ म्हणाला, "अक्का, पोरगी शे का केळीना घड?"

गोधडीतून ती म्हणाली, "मामा, खड्डे चुकवा. घड दबला तर भाव उतरतो."

मला हसू आलं नाही. मैदानाच्या फाटकाशी रांगेत तिला उभं राहावंच लागलं, आणि रांग हलत नव्हती.

आत आधी उंची मोजतात. जी बसत नाही तिला लगेच बाजूच्या दारातून बाहेर काढतात. मी त्या दारासमोर उभी राहिले. एक मुलगी ओढणीने तोंड पुसत आली. दुसरी आली, तिच्या आईने काही न विचारता पिशवी उचलली. कडी वाजली की मी पुढे सरकायची. भावाने चहा आणून दिला, तो हातातच राहिला. नंतर बराच वेळ दार उघडलं नाही. मग कुंपणाच्या जाळीतून धावणाऱ्या मुली दिसल्या. त्यांत ती होती. गार चहा मी एका घोटात संपवला.

दुपारी बाहेर आल्यावर तिने आकडा सांगितला. "एकशे छप्पन्न. वर थोडं."

झोपून कुणी इतकं वाढत नाही. घरी येऊन टेप स्टीलच्या पट्टीला लावून पाहिली. इतक्या वर्षांच्या ओढाताणीत ती बोटभर लांब झाली होती, आणि ताणलेल्या टेपवर माणूस बुटका भरतो. माप त्याच टेपने, कापडही त्याच टेपने, म्हणून कुणाचा ब्लाऊज कधी बिघडला नव्हता.

"म्हणजे मी उगाच झोपून गेले," ती म्हणाली.

टेप मी टाकली नाही. गिऱ्हाइकांची सगळी मापं तिच्यावरच घेतलेली आहेत.