गोटीवरचा हिरवा रंग

माझ्या संग्रहातली पहिली गोटी मी विकत घेतलेली नाही. बँकेने बदली करून चेन्नईला पाठवलं तेव्हा एका सहकाऱ्याकडून जुनी विलायती मोटारसायकल घेतली, तिच्या हत्यारांच्या डब्यात ती पडलेली होती. खेळायची गोटी नव्हे, गोटीपान्याची, नटावर टोपीसारखी बसणारी. तिच्यावर हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका होता. मी ती रॉकेलमध्ये भिजवली, तारेच्या ब्रशने घासून रंग काढला आणि खालची झिजलेली अक्षरं वाचायला बसलो. ही कुणाची, हा प्रश्न मला पडला नाही. कंपनी कुठली, हा पडला. त्या प्रश्नात एकवीस वर्षं गेली.

आता अशा तीनशे गोट्या आहेत. बायकोची पितळी भांडी माळ्यावर गेली आणि गोट्या शोकेसमध्ये आल्या. यावर तिने एकदाच मत दिलं, तेही माहेरी फोनवर.

मैलापूरच्या एका बोळात जुनी पेटी आहे, असं गेल्या वर्षी कळलं. मालक ऐंशीच्या घरातले, तंजावरी मराठी, वर्कशॉप कधीच बंद केलेले. त्यांनी पत्र्याची पेटी उघडली आणि मी तिच्यासमोर जमिनीवरच बसकण मारली. स्वातंत्र्याच्या आधीचा विलायती संच, हल्लीच्या एकाही नटाला न बसणारा, म्हणजे माझ्या दृष्टीने सर्वगुणसंपन्न. प्रत्येक गोटीवर हिरवा ठिपका होता. ते पाहून मी मनात एवढंच म्हटलं, की रॉकेल बरंच लागेल.

सतरा खाचा, गोट्या सोळा. रिकाम्या खाचेतही खंडेनवमीचं चंदन-कुंकू वाळलेलं होतं.

"अपुरा संच घराबाहेर जाणार नाही, सार," ते म्हणाले. "सतरावी आणा, पेटी न्या. फुकट."

मग सतरावीची हकिकत सांगितली. वर्कशॉप दोघा भावांचं. एक दिवस ती गोटी दिसेना. धाकट्याला तेव्हा पैशांची नड होती, म्हणून यांनी त्याच्यावर आळ घेतला, तोही गिऱ्हाइकांसमोर. धाकट्याने जेवणाचा डबा उचलला आणि तो तांबरमला निघून गेला. तेव्हापासून बोलणं नाही.

मी हळहळलो आणि खाचेचं माप घेतलं.

चार महिने पुदुपेटेतली भंगाराची दुकानं पालथी घातली. काखेत कळसा म्हणतात तो असा, की पाचव्या महिन्यात शोकेस पुसताना पहिली गोटी सहज मापली आणि माप तंतोतंत जुळलं. मी तिला भलत्याच कंपनीचं लेबल लावलं होतं, मोठ्या आत्मविश्वासाने. तिच्यावरचा हिरवा ठिपका तेव्हा कुठे आठवला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोरीचा माल माझ्या घरी काचेआड. मला लाज वाटली. त्याच्या आधी पेटी मिळणार म्हणून आनंद झाला, हेही लिहून टाकतो.

"पुदुपेटेत मिळाली," मी त्यांना सांगितलं.

त्यांनी गोटी खिडकीशी नेली आणि एक डोळा मिटून आत पाहिलं.

"ब्रश पोचत नाही तिथे रंग राहतो, सार. रंग लावताना थेंब आत गळतो. शेजारच्या वर्कशॉपचा निळा, आमचा हिरवा. हत्यारं मिसळू नयेत म्हणून. ही आतून हिरवी, म्हणजे आमचीच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "खरं सांगा, कोठें मिळाली ही?"

मी मोटारसायकलचं सांगितलं. त्यांनी गाडीचा रंग विचारला, तोही सांगितला. त्यांनी गोटी पेटीतल्या सतराव्या खाचेत ठेवली.

"त्या गाडीचं काम मीच केलं होतं," ते म्हणाले. "तंबी, माझा धाकटा, त्या दिवशी वर्कशॉपात नव्हताच."

थोड्या वेळाने त्यांनी चपला शोधल्या. आम्ही ऑटोने तांबरमला गेलो, पेटी माझ्या मांडीवर.

दार उघडलं ते लुंगीतल्या, पांढऱ्या केसांच्या माणसाने. थोरल्यांनी माझ्या हातातल्या पेटीचं झाकण उघडलं. धाकट्यांनी बोटाने एकेक गोटी मोजली आणि सतराव्या, चकचकीत गोटीशी बोट थांबलं.

"हिचा रंग कुणी काढला?"

"मी," मी म्हटलं. "माझ्याकडेच होती. यांच्या हातून गाडीत राहिली होती."

"मीच राहू दिली," थोरले म्हणाले. "आणि नाव तुझं घेतलं."

धाकटे आत गेले. आता दार लागणार असं मला वाटलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या हातात हिरव्या रंगाचा छोटा डबा आणि काडी होती. घरातल्या पक्कडी-पान्यांना ते अजून तोच रंग लावत होते. उंबऱ्यातच उकिडवे बसून त्यांनी गोटीवर ठिपका दिला आणि ती काळजीपूर्वक खाचेत ठेवली.

मग थोरल्यांकडे न पाहताच म्हणाले, "वाळायला वेळ लागेल, अण्णा. आत येऊन बसा."