आटवलेलं पाणी

आईचं मीठ बंद झालं तेव्हा आम्ही हुगळी नदीकाठच्या खिदिरपुरात राहत होतो. तिची मूत्रपिंडं बिघडली होती. मिठाचा कणही पोटात जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. मी कॉलेज सोडून स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. लोणची-पापड वरच्या मजल्यावरच्या बंगाली घरमालकीणबाईंना देऊन टाकले. अळणी वरण, अळणी भाजी. आजारी माणसाला पाणी निम्मं आटवून द्यायचं, ही आमच्या घरातली जुनी रीत. तीही इमानेइतबारे पाळली.

उन्हाळ्यात हुगळीला वरून पाणी यायचं नाही. समुद्र आत शिरायचा आणि नळाला मचूळ पाणी यायचं. बाबा बंदरात होते. लाँचवरून नदीची खोली आणि पाण्यातलं मीठ मोजायचं, हीच त्यांची नोकरी. फराक्क्याचं धरण सुरू झालं की गंगेचं पाणी इकडे वळेल, असा धीर ते आईला रोज द्यायचे.

"खारट लागतं गं," आई म्हणायची.

"तुझ्याच तोंडाला चव नाही. पी मुकाट्याने!" मी दटावायची. तिच्या पायांची सूज काही उतरेना.

एकदा बाबा दुपारीच घरी आले. शेगडीवरचं पातेलं बघून म्हणाले, "किती आटवतेस?"

"निम्मं."

त्यांनी पातेलं शेगडीवरून उतरवलं. "अगं, वाफ जाते, मीठ कुठे जातं? दुप्पट पाजतोय आपण तिला!"

शाळेत शिकलेली गोष्ट! पण रीत म्हटली की आमची अक्कल गहाण. त्या दिवसापासून बाबा लांबच्या कूपनलिकेवरून गोडं पाणी वाहत राहिले. उन्हाळा सरायच्या आत आई गेली.

दोन वर्षांनी धरणाचं पाणी आलं. नळ खरंच गोडा झाला. मग एका उन्हाळ्यात घरमालकीणबाईंच्या बहिणीचं पत्र आलं, सीमेपलीकडून, खुलन्याहून. नदी आटली, तळ्यात खारं पाणी शिरलं, पोरांना काय पाजू? बाई रडत रडत वाचून दाखवत होत्या.

"पाणी तेवढंच आहे हो," बाबा म्हणाले. "इकडे वळवलं की तिकडे तुटणारच."

मला त्या बहिणीची दया यायला हवी होती. नाही आली. आई असताना हेच पाणी त्या पोरांच्या तोंडचं काढून कुणी मला दिलं असतं, तर मी ते घेतलं असतं, आणि खुलना कुठे आहे हेही विचारलं नसतं.