खालचा हात

वेत भिजत घालण्याआधी ती पाण्यात कोपर बुडवून बघायची. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात, तसं.

भोकात वेत अडकवून धरायच्या दोन-तीन लाकडी खुंट्या तोंडात ठेवून बोलायची. नवख्या माणसाला एक अक्षर कळायचं नाही.

चहा विसरायची. मग गार झालेला एका घोटात प्यायची आणि म्हणायची, "छान झालाय."

दिवसा दाराला कडी लावायची नाही.

चर्चमध्ये तिसऱ्या रांगेत बसायची. तिच्या आणि भिंतीच्या मध्ये एका खुर्चीची जागा मोकळी असायची. तिथं कुणी दुसरी खुर्ची सरकवली, तर ती काही न बोलता उचलून मागे नेऊन ठेवायची.

आणि बुधवारच्या प्रार्थनेत तिची पाळी आली की ती गप्प राहायची. बाकीच्या बायका एका प्रार्थनेला लागेल तेवढा वेळ थांबायच्या. मग पुढची सुरू करायची.

गेल्याच्या गेल्या मंगळवारी सकाळी ती गेली. आमच्या खोल्यांमधली भिंत पातळ आहे. तिचा खोकला, तिची स्टोव्हची खटपट, सगळं मला ऐकू यायचं. त्या सकाळी काहीच ऐकू आलं नाही. मी वाचत बसले होते.

ती वेताच्या खुर्च्या विणायची. सगळे तिला मावशी म्हणायचे. चर्चचे पाळकसाहेबसुद्धा, आणि ते तिच्याहून वयानं मोठे आहेत.

साहित्याची पदवी घेऊन, नोकरी शोधत मी या चाळवजा इमारतीत राहायला आले. पहिल्याच आठवड्यात तिनं दारातून विचारलं, "दिवसभर काय करतेस ग?"

"वाचते."

"वाचून झालं की ये. खुर्चीखाली बस."

मला वाटलं, थट्टा करतेय. पण ते काम होतं. खुर्चीच्या चौकटीला चारी बाजूंनी भोकं असतात. वेताची पट्टी त्यांतून ओवत सहा वेळा जायचं. दोनदा उभी, दोनदा आडवी, मग दोनदा तिरपी. दोघी असल्या तर एक वर बसते आणि पट्टी जाळीतून नेते. दुसरी खाली. भोकातून आलेलं टोक ती ओढून ताठ करते आणि शेजारच्या भोकातून परत वर देते.

"वरच्याला डोकं लागतं, खालच्याला मान लागते," मावशी म्हणायची. "तुझं डोकं पुस्तकांना ठेव. मान मला दे."

तिरपी पट्टी कुठं वरून न्यायची आणि कुठं खालून, ते फक्त वरच्याला ठाऊक असतं. चुकली तर ती शेजारच्या पट्टीला घासत राहते आणि महिन्याभरात दोन्ही तुटतात. मावशीच्या भाषेत, "वेत चावतो."

"माझी चिचुंद्री सहा वर्षांची असल्यापासून खाली बसायची," ती मला म्हणाली. चिचुंद्री म्हणजे तिची मुलगी. खुर्च्यांखाली वाढली म्हणून ते नाव.

मावशीचा नवरा सुतार होता. तो चौकटी करायचा, ती विणायची. एका सकाळी त्याची उजवी बाजू लुळी पडली. पाच वर्षं तो अंथरुणावर होता. त्या वर्षांबद्दल ती फारसं बोलायची नाही, मला ते बाकीच्यांकडून कळलं. चर्चच्या मंडळीतली दोन माणसं रोज सकाळी येऊन त्याला अंघोळ घालायची. दवाखान्यातली नर्सबाई घरी जाताना त्याची कूस बदलून जायची. बुधवारची बायकांची प्रार्थना मावशीच्या खोलीत भरू लागली, कारण तिला घर सोडता येत नव्हतं. काम तर मुळीच सोडता येत नव्हतं. म्हणून बायका डोळे मिटून प्रार्थना करायच्या आणि हातांनी वेताच्या पट्ट्या लांबीप्रमाणे लावायच्या. ती पद्धत पुढेही राहिली. डोळे मिटूनसुद्धा त्यांची लांबी चुकत नाही.

फुकटची मदत मावशी घ्यायची नाही. मग चर्चमधल्या खुर्च्या फाटू लागल्या. वर्षभरात बावीस. चर्चची व्यवस्था बघणारे काका एकेक खुर्ची उचलून तिच्याकडे आणायचे. ही गोष्ट मला काकांनीच सांगितली. चौथ्या खुर्चीला मावशीनं त्यांना दारातच अडवलं.

"काका, छत्री कुठंय तुमची?"

"कसली छत्री?"

"वेत तुटतो तो कडेला. माणूस टेकतो तिथं. मधोमध असं गोल भोक पडत नाही. ते छत्रीच्या टोकाचं आहे."

"आता ते प्रभूलाच ठाऊक."

"त्याला ठाऊक आहेच. मी तुम्हाला विचारतेय."

काका खुर्ची तिथंच ठेवून निघून गेले. तेव्हापासून ते छत्रीवाले काका. मावशीनं खुर्ची विणली, आणि त्या बुधवारी छत्रीसाठी मोठ्यानं प्रार्थना केली. तेव्हा ती मोठ्यानं प्रार्थना करायची. सगळ्यांत मोठ्यानं, असं नर्सबाई म्हणते.

ती का थांबली, ते मात्र तिनंच मला सांगितलं. एका दुपारी, तोंडातल्या खुंट्या काढून.

नवरा गेला तेव्हा चिचुंद्री बावीस वर्षांची होती. तिनं चर्चमध्ये गाणं सोडलं. प्रार्थनेला डोळे मिटणं सोडलं. पाच वर्षं सगळ्यांनी मिळून मागितलं, मिळालं काय, एवढंच विचारायची. मावशीकडे उत्तर नव्हतं. उत्तर नव्हतं म्हणून राग होता.

"त्या बुधवारी ती खाली बसली होती. खुर्चीही तिचीच. काकांची छत्री फिरत फिरत तिसऱ्या रांगेपर्यंत पोचली होती. शेवटची तिरपी ओवणं चाललं होतं. माझी पाळी आली. मी म्हटलं, प्रभू, या घरातल्या एका माणसाचा ताठा मोड. नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती, घरात दोनच माणसं होती. सगळ्या आमेन म्हणाल्या."

"मग?"

"मी पट्टी खाली दिली. टोक वर येईना. वाट बघितली. मग ती बाहेर आली. हात धुतले, पुसले. म्हणाली, आई, मला बोलायचं होतं तर मला बोलायचंस. त्याच्याकडे चुगली कशाला केलीस?"

संध्याकाळच्या गाडीनं ती दुसऱ्या शहरात गेली. तिथं कपडे शिवण्याच्या कारखान्यात लागली. याला सहा वर्षं झाली. वर्षातून दोनदा फोन यायचा. तब्येत कशी आहे, हवा कशी आहे, ठेवते.

"फोनवर सांगायचंस ना, चुकलं म्हणून."

"चूक चारचौघींत केली आणि माफी एकटीत मागू? ते काही खरं नाही. ती इथं बसलेली असेल, सगळ्या असतील, बुधवार असेल, तेव्हा मागीन. तोवर मोठ्यानं एक शब्द नाही. मनातलं त्याला ऐकू येतं. दुसऱ्यांना ऐकवायची खोड माझी."

"मी पत्र लिहू तिला?"

"नको. ओढून आणलेली नको. येईल. दार उघडंच असतं."

ती खुर्ची खिडकीपाशी होती, जुन्या चादरीखाली. सहांपैकी पाच फेऱ्या पुऱ्या, शेवटची तिरपी अर्धी. नऊ पट्ट्या राहिल्या होत्या. त्या नऊ पट्ट्या कापून, दोऱ्यानं बांधून तिनं खुर्चीच्या पाठीला अडकवल्या होत्या. एकदा मी चादर सारून त्या खुर्चीखाली जाऊन बसले. मला वाटलं, तिला बरं वाटेल.

"तिथं तू नको," ती म्हणाली.

मला तिनं कधी कशाला नको म्हटलं नव्हतं. मी बाहेर आले. तिनं दुसरी खुर्ची पुढे ओढली. "ये. इथं बस. इथं तुझ्यावाचून अडलंय."

दर बुधवारी मी तिच्या खोलीत असायचे. मला प्रार्थना करता येत नाही. मी खाली बसून टोकं ओढायचे. तिची पाळी आली की जाळीतून तिचा चेहरा दिसायचा. ओठ हलायचे. डोळे मिटलेले नसायचे, ती दाराकडे बघत असायची. जिन्यात पाऊल वाजलं की तिचा हात थांबायचा. पाऊल पुढे गेलं की परत चालू.

एकदा पाळकसाहेबांनी रविवारच्या उपदेशात तिचं काम घेतलं. आपण खुर्चीखाली बसलेलो आहोत, आपल्याला नुसत्या गाठी दिसतात, वरची नक्षी देवाला दिसते, असं. मावशीनं त्यांना दारात गाठलं.

"साहेब, एकदा खाली बसून बघा. खालून अख्खी जाळी दिसते. उजेड वरूनच येतो ना."

साहेब बुधवारी खरंच आले आणि बसले. उठताना त्यांची मान धरली. दोन रविवार ते एकाच बाजूला बघून उपदेश करत होते, आणि डावीकडच्या रांगा म्हणत होत्या की आम्हाला वगळलं.

मावशी त्यावर किती दिवस हसली. हसता हसता मध्येच म्हणायची, "चिचुंद्रीला सांगितलं पाहिजे."

नर्सबाईनं फोन केला. मुलगी गुरुवारी दफनाच्या आधी तासभर पोचली. मावशीसारखेच हात, बोटांच्या टोकांना घट्टे. ती रडली नाही. कबरीपाशी गाणं झालं तेव्हा तिनं तोंड उघडलं, पण सूर निघाला नाही, तोंड तसंच उघडं राहिलं.

ती लगेच परत जाईल असं मला वाटलं. ती राहिली. खोली आवरायची होती.

मग बुधवार आला. कुणी ठरवलं नव्हतं, तरी सगळ्या आल्या, आणि आपापल्या जागी बसल्या. पट्ट्यांची टोपली मध्ये ठेवली. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. प्रार्थना फिरत फिरत मावशीच्या जागेपाशी आली आणि थांबली. सगळ्या थांबल्या.

मुलीनं वाट बघितली. मग हळूच विचारलं, "आता कुणाची पाळी?"

"तुझ्या आईची," नर्सबाई म्हणाली.

"पण..."

"सहा वर्षं थांबतोय आम्ही. सवय आहे."

तिला काही कळलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं. मावशी का थांबली, ते तिनं फक्त मला सांगितलं होतं. मावशीला जे सगळ्यांसमोर म्हणायचं होतं, ते मी सगळ्यांसमोर सांगितलं. जेवढं मला ठाऊक होतं तेवढं. चारच वाक्यं झाली. माझ्या तोंडी ती माफी नव्हती, निरोप होता.

कुणी आमेन म्हटलं नाही. एका बाईनं पदरानं डोळे पुसले. दुसरीच्या हातातल्या पट्ट्या एकमेकींत मिसळल्या, आणि तिनं त्या परत लावायला घेतल्या.

मुलगी खिडकीपाशी गेली. चादर काढली. जाळीवरून तळहात फिरवला. मग नऊ पट्ट्यांचा जुडगा सोडून माझ्याकडे दिला.

मी पाणी काढलं. कोपर बुडवून बघितलं. का बघतात, ते मला अजून माहीत नाही. पट्ट्या भिजेपर्यंत आम्ही सगळ्या बसून राहिलो.

मग ती वाकून खुर्चीखाली शिरली. सहाव्या वर्षी ती तिथं मावत असेल, आता गुडघे बाहेर राहत होते. तिथूनच म्हणाली, "दे."

मी वर बसले. पट्टी पहिल्या भोकात घातली आणि जाळीत शिरले. उभीच्या वरून, आडवीच्या खालून. की उलट. शेजारची पट्टी बघून बघून मी निम्म्यापर्यंत नेली. ओढली. वेत चावला. काढून परत घातली. परत चावला.

"मला वरचं येत नाही," मी म्हटलं. "तू ये वर."

जाळीतून तिचा चेहरा दिसत होता. ती वरच बघत होती.

"मलाही खालचंच येतं," ती म्हणाली.

मी पट्टी काढून घेतली. वेत जास्त वेळ पाण्यात राहिला की काळा पडतो. नऊही पट्ट्या पुसून मी खिडकीत वाळत घातल्या.