तिचे तिनं वेचलेले पाच खडे

देवावर माझा विश्वास आहे का, असं कुणी दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी हसून विषय बदलला असता. छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत विज्ञान शिकवलं. घरात देव्हारा होता, पण ते खातं बायकोकडं. येरमाळ्यात घर, येडाई देवीचा डोंगर अंगणातून दिसतो, तरी वर्षवर्ष मी देवळाची पायरी चढत नसे. हे लिहिताना आता ओशाळल्यासारखं होतं, पण जे होतं ते होतं.

शालन, माझी बायको, हिला दिवाळी झाल्यावर झटका आला. सकाळी तुळशीला पाणी घालता घालता तांब्या हातातून सुटला आणि ती तिथंच खाली बसली. बार्शीला नेलं, जीव वाचला. उजवा हात आणि उजवा पाय लुळे पडले. ते व्यायामानं बरेच सुधारतील, असं डॉक्टर म्हणाले. पण वाचा गेली. तिला समजत सगळं होतं, ओठांवर मात्र एकच शब्द शिल्लक राहिला होता, ‘न्हाय’. चहा नको असला तरी न्हाय, आणि पाहिजे असला तरी कपाकडं हात करून न्हाय. पहिल्या पाच-सहा महिन्यांत जेवढं बोलणं परत येईल तेवढ्यावर पुढचं अवलंबून, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मी कॅलेंडरकडं बघायला लागलो.

शालन गप्प झाली म्हणजे काय झालं, हे तिला ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. नोकरीच्या सुरुवातीला मी तामलवाडीच्या बाजूला होतो. तेव्हा शाळांना आळीपाळीनं प्रोजेक्टर मिळायचा, सोबत माहितीपटांच्या रिळांचा पत्र्याचा डबा. पडदा काही मिळायचा नाही. शालननं रुखवतातली पांढरी चादर काढून दिली. ती भिंतीला ठोकायची, खिडक्यांवर घोंगड्या टाकायच्या आणि भरदुपारी वर्गात अंधार करायचा. पोरांच्या मागं गावातल्या बायाही येऊन बसत. पण रिळं इंग्रजीत, नाहीतर जड हिंदीत. पहिल्याच खेपेला बायांची चुळबुळ सुरू झाली तशी शालन उठून चादरीशेजारी उभी राहिली आणि मला म्हणाली, “अवं, त्येचा आवाज बंद करा. म्या सांगते.”

सातवी शिकलेली बाई. इंग्रजीचा गंध नाही. चित्रं बघायची आणि सांगत सुटायची. हृदयाचं रीळ लागलं तर म्हणाली, “ह्यो आपला पानी उपसायचा पंपच हाय. फकस्त लाईट गेली की परत येत न्हाय.” बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मी मागून घसा खाकरायचो, कारण शास्त्राच्या दृष्टीनं तिचं निम्मं चुकायचं. ती माझ्याकडं एकदा बघायची आणि पुढं चालू. लोक तिला रेडिओ म्हणायला लागले. माहितीपट बघायला कुणी येतच नव्हतं, तिला ऐकायला यायचे, हे मला कळत होतं आणि थोडं टोचतही होतं.

त्या डब्यात ध्यानधारणेवरचं एक रीळ होतं. एक माणूस नदीकाठी डोळे मिटून बसलाय, बराच वेळ बसलाय, एवढंच. एका म्हातारीनं विचारलं, “ह्यो काय करायलाय गं?” शालन म्हणाली, “कायबी न्हाय करत. आन् त्येच लई अवघड असतंय.” तेव्हा मी ते हसण्यावारी नेलं. पोरांना मात्र नंतर फळ्यावर श्वसनसंस्था काढून व्यवस्थित समजावून सांगितली.

तर अशी बाई खाटेवर गप्प बसून राहायची आणि भिंतीवरची पाल बघायची. आमची मुलगी विद्या पुण्याला असते. तिनं माझ्या मोबाइलवर माहितीपटांची रांगच लावून दिली. “अण्णा, हे बघा. मेंदू नव्यानं शिकतो म्हणतात,” असं तिचं म्हणणं. मी बघितलं आणि त्यातच अडकलो. माणसाच्या आत केवढी शक्ती झोपलेली आहे, मन जागं झालं की शरीर कसं मागोमाग येतं, जाणीव म्हणजे काय, डोंगरातले साधू, प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ, अपघातातून उठून पुन्हा चालायला लागलेल्या बाया. दुपारची जेवणं झाली की मी चष्मा लावून बसायचो. मला खोटं बोलायचं नाही, त्या चित्रफितींनी मला धीर दिला. रिकाम्या घरात कुणीतरी ठामपणे सांगत होतं की अजून सगळं संपलेलं नाही.

पण मी पडलो मास्तर. मला धीर मिळाला की त्याचं वेळापत्रक होतं. दोनशे पानी वही आणली. सकाळी सहाला श्वासाचा व्यायाम. सातला चित्र दाखवून नाव विचारणं. मग आरशासमोर ओठांचे व्यायाम, दुपारी दोघांनी मिळून माहितीपट. चांदीच्या वाटीचं चित्र दाखवायचं आणि म्हणायचं, “वा… वा… अगं म्हण, वाटी.” ती तोंड उघडायची, धडपडायची, आणि तिचा शब्द यायच्या आधी मीच तो बोलून मोकळा व्हायचो. जेवताना घास मी भरवायचो, डावा हात धड असतानाही. ती हात पुढं करायची, मी तो बाजूला सारायचो, सांडेल म्हणून. हे सगळं प्रेमापोटी चाललंय अशीच माझी समजूत होती.

फाल्गुनातल्या एका सकाळी तिनं चित्रांचा गठ्ठा ढकलून दिला. मी ओरडलो. “तुला बरंच व्हायचं नसंल तर तसं सांग,” असं म्हणालो. संसारात मी तिच्यावर पहिल्यांदा ओरडलो असं नाही. पण ती उलट बोलू शकत नसताना ओरडलो ते पहिल्यांदा. तिनं माझ्याकडं बघितलं, मग खिडकीकडं. त्या दिवसापासून तिचा ‘न्हाय’सुद्धा बंद झाला. मी पाया पडल्यासारखी माफी मागितली, वही माळ्यावर टाकली, विद्याला फोन करून रडलो. उपयोग शून्य. डॉक्टरांनी सांगितलेले महिने संपत आले होते आणि होता तो शब्दही मी घालवून बसलो होतो.

चैत्री पौर्णिमेला येडाईची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून आमराईकडं निघते आणि वाटेत चुन्याचं रान लागतं. तिथल्या मातीत चुनखडीचे पांढरे खडे सापडतात. आलेल्या प्रत्येकानं पाच खडे वेचायचे आणि ढिगावर टाकायचे, मग त्याच चुन्यानं देवीचं देऊळ रंगवतात. शालननं लहानपणापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं. आम्ही दूरच्या गावी नोकरीला असतानाही ती एसटीनं यायची, संध्याकाळी पांढऱ्या हातांनी परत यायची आणि आठवडाभर त्याच गोष्टी सांगायची. मी बरोबर गेलो असेन चार-पाच वेळा, तेही सावली बघून उभा राहायला.

त्या वर्षी पालखीच्या दिवशी सकाळी हलगी वाजायला लागली. शालननं उशाखालची, यात्रेला न्यायची पिशवी ओढली आणि माझ्या सदऱ्याची बाही धरली. महिनाभरात तिनं माझ्याकडं काही मागितलं ते एवढंच. मी रिक्षा केली, सोबत प्लास्टिकची खुर्ची घेतली, पाण्याची बाटली, टॉवेल, छत्री. रानाच्या कडेला कमी गर्दीची जागा बघून तिला खुर्चीत बसवलं. ऊन असं की माती चटका देत होती. मी वाकून पटापट पाच खडे वेचले आणि तिच्या ओटीत ठेवले. तिनं ते खाली पाडले. मी पुन्हा वेचले, तिचा डावा हात उघडून त्यात ठेवले आणि वरून मूठ मिटली. तिनं मूठ उघडली. खडे पुन्हा मातीत.

“गुर्जी हाईसा न्हवं?” मागून आवाज आला.

एक म्हातारी होती. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हातात पायताण. ओळखीची नव्हती. मी म्हणालो, “व्हय. तुम्ही कसं ओळखलं?”

“खिशाला पेन हाय की. यात्रंत कोन पेन लावून येतंय.” ती शालनकडं बघून हसली आणि मग मला म्हणाली, “पोरांचे पेपरबी तुमीच लिवत व्हता का?”

मी नकळत खिशातल्या पेनाला हात लावला.

“न्हाय म्हंजी, खडं तुमीच येचायलाय म्हनून इचारलं. तुमचं पाच तुमी येचा. तिचं तिला येचू द्या. आईला तिच्या हातचं पायजेत.”

“तिला झटका आलाय, आजी. वाकता येत नाही.”

“मग खाली बसंल. घाई कुनाला हाय?”

आणि तिनं खरंच शालनला काखेत धरून अलगद खाली बसवलं. खुर्ची बाजूला सरकवली. स्वतः तिच्याशेजारी मांडी घालून बसली. मी हात पुढं केला तशी म्हणाली, “गुर्जी, हात मागं.” वर्गात पोरांना सांगावं तसं. मी दोन्ही हात पाठीमागं धरून उभा राहिलो.

शालन डाव्या हातानं माती चाचपायला लागली. ढेकूळ हाती यायचं, बोटांत चुरगळायचं, मग ती ते सोडून द्यायची. एक खडा सापडायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही, माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. दोन पावलांवर पांढरे स्वच्छ खडे दिसत होते. मला ते उचलून तिच्या हाताखाली सरकवावेसे वाटत होते, अगदी नकळत, पायानं तरी. तेव्हा मला ती तामलवाडीची दुपार आठवली. घोंगड्यांच्या फटीतून येणारी तिरीप, चादरीवरचा नदीकाठचा माणूस, आणि चादरीशेजारी उभी असलेली, हिरव्या बांगड्यांची, बडबडी शालन. कायबी न्हाय करत. आन् त्येच लई अवघड असतंय. चाळीस वर्षांनी मला त्या रिळाचा अर्थ लागला, आणि डोळे भरून आले. मी तसाच उभा राहिलो. मनात म्हणालो, येडाई, ही तुझी. बोलली तर तुझी, नाही बोलली तरी तुझी. माझ्याच्यानं आता काही होत नाही.

चार खडे तिच्या मांडीवर जमले. पाचवा ती उकरत होती तेवढ्यात पालखी जवळ आली. पुढून कुणीतरी आरोळी दिली, “आई राजा,” आणि सगळं रान म्हणालं, “उदो, उदो.” त्या गलबल्यात माझ्या पायाशी, खालून, एक घोगरा आवाज आला. मला वाटलं ती म्हातारी. पुन्हा आरोळी झाली. या वेळी मी बघत होतो. शालननं पाचवा खडा छातीशी धरला होता, तोंड वाकडं झालं होतं, आणि ती म्हणाली, “उदो.” कुणी सांगितलं नव्हतं, वा-वा करून दाखवलं नव्हतं. लहानपणापासून जिथं उत्तर द्यायची, तिथं तिनं उत्तर दिलं.

मी खाली बसून रडलो. मग भान आलं तसं बाटली घ्यायला वळलो, म्हातारीलाही पाणी द्यावं म्हणून. ती तिथं नव्हती. पालखीच्या मागं निघालेल्या हिरव्या लुगड्यांत कुठलं तिचं, कुणास ठाऊक. शालननं माझा दंड धरला, खडे पदरात घेतले आणि ढिगाकडं बोट करून म्हणाली, “चला.”

शालनला खाली बसवता बसवता म्हातारी आपण ईट गावची असल्याचं सांगून गेली होती, असं मला अंधुक आठवत होतं. महिन्याभरानं मी एसटीनं ईटला गेलो, दोन पेठा फिरलो, आभार मानायचे होते. एका दारात बसलेल्या बाईला वर्णन सांगितलं तर ती म्हणाली, “गुर्जी, हिरवं लुगडं नि कपाळभर कुक्कू. अशी म्हातारी तर घरोघरी हाय.” आतून खरोखरच एक तशी म्हातारी पाणी घेऊन आली. ती रानातली म्हातारी नव्हती. पण पाणी पिऊन मी तिच्याच पाया पडून आलो.

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, लहानपणापासून पाठ असलेले बोल कधीकधी असे आधी परत येतात. असेल. विज्ञानाचा माणूस मीही आहे, मला ते पटतं. फक्त त्या रानात मला हात मागं घ्यायला कुणी सांगितलं, याचं उत्तर डॉक्टरांकडं नाही आणि मी ते मागतही नाही. सगळं आपण वेचून दिलं की दुसऱ्याच्या हाताला काही उरत नाही, आणि देवाच्याही. एवढं शिकायला मला सगळी नोकरी आणि त्यावर म्हातारपण लागलं.

शालन आता दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलते. कधी अडते, कधी भलताच शब्द येतो आणि तीच हसते. मागच्या आठवड्यात दुपारी मी पुन्हा एक माहितीपट लावला, या वेळी टीव्हीवर, मोठ्या पडद्यावर. आतल्या शांततेविषयीचा होता. निवेदक श्वासही न घेता शांततेचं महत्त्व सांगत होता. शालन जरा वेळ ऐकत राहिली. मग कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “लई… बोलतंय.”

आमच्या घरातल्या रेडिओनं हे म्हणावं. मी पोट धरून हसलो, तीही हसली. मग तिनं डावा हात उचलून टीव्हीकडं केला. “आवाज,” ती म्हणाली, “बंद. म्या…”

पुढचा शब्द मला माहीत होता. तो माझ्या ओठांपर्यंत आलाही होता. मी टीव्हीचा आवाज बंद केला, दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि थांबलो.

“…सांगते,” शालन म्हणाली.