उभ्या पिकाच्या कडेने

मोठ्या स्पर्धा होतात, त्या स्कॉटलंडमधल्या गोल्फच्या मैदानावर नंबर लावून कोणालाही खेळता येतं. एकट्या आलेल्यांची तिथे जोडी लावून देतात. माझ्या वाट्याला पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ आले. मी जळगावचा, पिंप्राळ्याचा, हे कळताच त्यांनी इंग्रजी गुंडाळून ठेवलं आणि अहिराणीवर आले. ते धुळ्याकडचे शेतकरी, मुलाकडे राहायला आलेले. खेळ मुलानेच शिकवलेला.

त्यांचा फटका सरळ जायचा. चेंडू दरवेळी हिरवळीच्या मधोमध. स्वतः मात्र ते कडेच्या उंच गवतातून चालायचे. चेंडूच्या रेषेत आले की आत वळायचे, हलक्या पावलांनी जाऊन फटका मारायचे आणि आल्या वाटेने परत कडेला. मला सोबत आयतीच मिळाली, कारण माझा चेंडू कायम त्या गवतातच असायचा.

शेवटी न राहवून मी म्हटलं, "नाना, मधून चला की! मैदान सगळ्यांचं आहे."

"बठ्ठासनं शे, म्हनीसन त जपानं," ते म्हणाले. "उभा पीकमा कोन चालस, भाऊ?"

आवाजात संकोच अजिबात नव्हता. सगळ्यांचं म्हणूनच जपायचं, हे ते स्वतःच्या वावरात उभं राहून बोलावं, तसं बोलले.

शेवटच्या होलवर माझाही चेंडू एकदाचा मधोमध पडला. सकाळपासून मी याचीच वाट पाहत होतो. छाती काढून निघालो. बरंच चालून गेल्यावर बघतो तर नाना पुढे, आणि मी त्यांच्यामागे, कडेकडेने.