फूटबाथ आणि चामडी चपला

अंड्यांचे व्यापारी चपला हातात घेऊन औषधाच्या पाण्यातून अनवाणी चालत होते. पलीकडे गेले, पाय झटकले, चपला घातल्या आणि थेट कोंबड्यांच्या शेडकडे निघाले. मी गेटवर कपाळाला हात लावून उभी.

मी सरकारी व्हेटर्नरी डॉक्टर. शेजारच्या जिल्ह्यात बर्ड फ्लू निघाला होता. हा कोंबड्यांचा इन्फ्लूएंझा विष्ठेतून पसरतो, चपलेच्या तळाला चिकटून या शेडमधून त्या शेडमध्ये जातो. कधीमधी माणसालाही होतो. माणसामाणसांत पसरायला शिकला, तर पुन्हा महामारी. म्हणून गेटवर फूटबाथ, म्हणजे जंतुनाशकाचा उथळ हौद. त्यातून पायताणासकट जायचं. एक कोंबडी जरी पॉझिटिव्ह निघाली असती, तरी अक्कलकोट रोडवरच्या या फार्मचे मालक सिद्रामप्पा यांच्या साऱ्या कोंबड्या माराव्या लागल्या असत्या, त्याही माझ्या देखरेखीखाली.

"सिद्रामप्पा, चप्पल भिजवायचीय, पाय नाही."

"चामड्याची हाय की डॉक्टर. औषधात बुडाली की गेलीच. पाय धुतले की सगळ्यांनी."

मी चिडले. हौदातून चपलेसकट न जाणाऱ्याला परत पाठवा, असं खडसावून आले. दुसऱ्या दिवशी पाहते तर सगळे चपलांवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधून हौदातून चाललेले. पलीकडे गेल्यावर पिशव्या सोडत होते. हुकमाचं पालन झालं आणि चपला कोरड्याठाक.

मग मी हट्ट सोडला. बाहेरचं पायताण बाहेर काढायचं, फार्मच्या रबरी चपला घालायच्या आणि हौदातून आत जायचं. रबरी चपलेचं कुणालाच दुःख नव्हतं. बाहेर काढलेल्या चपला चोरीला जातील, ही शंका निघालीच. तेव्हा सिद्रामप्पांनी स्वतःच गेटवर खुर्ची टाकली.

पुढच्या आठवड्यात आमचे साहेब तपासणीला आणि कोंबड्यांचे सॅम्पल न्यायला आले. फूटबाथच्या परिपत्रकावर सही त्यांचीच. हौदापाशी थांबले, आपल्या नव्याकोऱ्या बुटांकडे पाहिलं आणि हळूच मला म्हणाले, "मॅडम, बाजूनं वाट आहे का?"

मी तोंड उघडायच्या आत सिद्रामप्पा उठले. "न्हाय साहेब. बूट हितं काढा. मी राखतो की."

साहेब निळ्या रबरी चपला घालून गुमान हौदातून गेले.

सॅम्पल निगेटिव्ह आले. एकही कोंबडी मारावी लागली नाही. रिपोर्ट वाचून माझे डोळे भरून आले, हे ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. आता कुठल्याही फार्मवर गेले की रोगाचं भाषण मी नंतर देते, आधी चपला कुठं ठेवायच्या ते ठरवते. माणूस जिवाची काळजी उद्यावर ढकलतो, चपलेची आत्ता करतो.