तिच्या कुंडीतली माती

बायको गेली आणि तिची तुळस वाळली. कुंडीतली माती तिच्या माहेरच्या भातखाचरातली. ती मी सोनिवलीच्या आमच्या बिल्डिंगखाली झाडाशी ओतायला निघालो, तेव्हा एका अनोळखी पोरीने माती बघून अडवलं. वाळवंटातल्या मातीतले जंतू तपासते म्हणाली. तिने बाटलीतलं पाणी लावून चिमूटभर माती बोटांत वळली. वळी मोडली नाही.

“आजोबा, नुसत्या वाळूत जंतू फार टिकत नाहीत. अशी चिकण माती असली की तिला धरून वर्षानुवर्षं पडून राहतात. ओल मिळाली की उठतात.”

“म्हणजे ही जिवंत की मेलेली? नीट सांग.”

“झोपलेली.”

बायकोही झोपल्यासारखीच दिसत होती. डॉक्टर म्हणाला, गेली. मग आता कोणाचं खरं धरायचं? माती न ओतताच कुंडी छातीशी घेऊन लिफ्टमध्ये शिरलो आणि कितवा मजला दाबायचा तेच सुचेना.